फेलच्या पुढची तीन अक्षरं

१२ जून, गुरुवार

ब्लॉक नाही. एकही नाही. लातूरला अप्पांची अँजिओग्राफी झाली. डॉक्टरांनी कॉम्प्युटरवर नळ्या दाखवल्या, स्वच्छ. ह्यांनी बाहेर येऊन आधी उदगीरला अव्वांना फोन लावला. सासूबाई फोनवरच रडल्या आणि लगेच विचारलं, "मंग दम कामून लागतोय त्यांना?"

त्याचं उत्तर दहा मिनिटांनी मिळालं. अप्पांना बाहेर बाकड्यावर बसवून डॉक्टरांनी आम्हा नवरा-बायकोला आत घेतलं. नळ्या चांगल्या आहेत, पंप कमजोर झालाय. इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, ताकद तीस टक्के. पायाची सूज, तीन उशा घेऊन झोपणं, जिन्यात थांबणं, सगळं त्यामुळं. आणि मग ते दोन शब्द. हार्ट फेल्युअर.

ह्यांनी फाईल मिटून टाकली. ह्यांचे मामा उदगीर स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवर उभ्याउभ्या गेले होते, तेव्हा घरात हाच शब्द आला होता. 'हार्ट फेल झालं.' आमच्याकडं हा शब्द आजाराचा नाहीच, तो थेट निधनाची बातमी घेऊन येतो.

डॉक्टर म्हणाले, पेशंटला मी समजावून सांगतो, सांगितलेलं बरं असतं. हे म्हणाले, नको, अप्पा लई मनाला लावून घेतात, आम्हीच सांगू सवडीनं. मीही मान हलवली. विज्ञानाची शिक्षिका मी. दरवर्षी फळ्यावर हृदय काढते. तरी मान हलवली.

येताना फाईल अप्पांच्या मांडीवर. नळेगावला चहाला थांबलो. अप्पांनी विचारलं, "काय म्हणला डॉक्टर?" हे म्हणाले, "अशक्तपणा." अप्पा म्हणाले, "हां."

१३ जून, शुक्रवार

ठरलं ते असं. अप्पांसमोर 'फेल' काढायचं नाही. अव्वांसमोर तर नाहीच. गौरीला ताकीद (सातवीत गेली, पण तोंडात तीळ भिजत नाही). घरात म्हणायचं अशक्तपणा. वहीत मी हा.फे. लिहीन.

सकाळी चार गोळ्या, संध्याकाळी दोन. सकाळच्यात एक पाण्याची, म्हणजे अंगात साठलेलं पाणी काढणारी. ती घेतली की दोन-तीन तास सारखं उठावं लागतं. अप्पा म्हणाले, "घरात सकाळी तुमची शाळेची गडबड. ती एक मी दुकानात जाऊन घेत जाईन." पटलं.

मीठ कमी. लोणचं, पापड, ठेचा बंद. रोज सकाळी वजन, दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर डॉक्टरांना फोन. पाणी दिवसाला दीड लिटर. ते कसं मोजायचं हा प्रश्न निदान आमच्या घरात नको. अप्पांनी आमच्या भांड्यांच्या दुकानातून बरोबर दीड लिटरचा तांब्या शोधून आणला आणि त्यावर मशीननं नावही टाकलं, 'अप्पा'. चाळीस-पंचेचाळीस वर्षं लोकांच्या लग्नाच्या भांड्यांवर नावं टाकलेला हात. दम लागला तरी अक्षर अजून सरळ येतं.

१८ जून, बुधवार

शाळा सुरू. मधल्या सुट्टीत वाचनालयात कोश काढून बसले. हृदयविकार: हे एक मोठं पोतं आहे. नळ्यांचा आजार, झडपांचा, ठोक्यांचा, जन्मतः असलेलं छिद्र, पंपाचा अशक्तपणा, सगळं त्यात भरलेलं. कुणी 'त्यांना हृदयविकार आहे' म्हणालं तर नेमकं काहीच कळत नाही. अप्पांचा त्यातला पंपाचा. डावं निलय (खालचा डावा कप्पा) ताणलं गेलंय, आकुंचन पुरेसं होत नाही.

(म्हणजे अशक्तपणाच की! हे खोटं बोललेच नाहीत, चुकून खरं बोलले.)

मग फेल्युअरला मराठी शब्द शोधला. 'हृदय निकामी होणे'. हा तर त्याहून वाईट. निकामी म्हटलं की भंगारात टाकायचं. इंग्रजी शब्दानं माणूस नापास होतो, मराठीनं भंगारात जातो. खरं तर अर्थ एवढाच, की शरीराला लागतं तेवढं रक्त पुढं ढकलायला हृदय कमी पडतंय. कमी पडतंय. बंद पडलेलं नाही.

एवढं कळतं तर अप्पांना का सांगत नाहीस, राजश्री? उद्या सांगते.

२२ जून, रविवार

सांगितलं नाही.

अव्वा मठातून प्रवचन ऐकून आल्या. महाराजांनी आज विकारांवर घेतलं, काम, क्रोध, लोभ. येऊन बसल्या तर समोर डॉक्टरांचा कागद, वर मराठीत छापलेलं, 'हृदयविकार तज्ज्ञ'. झालं.

"बगा. डाक्टरबी तेच लिवलाय. हृदयातले विकार. मी कवापासून सांगून राहिले, रागराग करत जाऊ नका."

"मी रागावतो कुठं?"

"हे काय मंग आत्ता?"

"आळणी वरण हाय म्हणून!"

मला हसू आवरेना. स्वयंपाकघरात जाऊन हसून घेतलं. बरेच दिवसांनी.

३० जून, सोमवार

अप्पा एकदम गुणी झालेत. आळणी वरण मुकाट्यानं जेवतात. अव्वांशी भांडण नाही. टीव्हीच्या बातम्यांवर तोंडसुख नाही. काल स्वतःचं घड्याळ गौरीला दिलं, "तुला शाळंत लागतंय." ह्यांना बोलावून दुकानातलं कुठलं भांडं कुठल्या गावच्या कारागिराकडून येतं ते सगळं सांगितलं. मला म्हणाले, "माय, सगळ्या पाव्हण्यांचे फोन एका कागदावर मोठ्या अक्षरात लिवून ठेव." लिहून दिले.

औषधानं माणूस शांत होतो असं मी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, बरंच झालं.

५ जुलै, शनिवार

लग्नसराई संपली, तरी दुकानात नाव टाकायची मशीन दिवसभर चालू असते, असं हे म्हणाले. कुणाची ऑर्डर म्हणून विचारलं तर अप्पा म्हणतात, "हाय एकाची." रमलेत कशात तरी. रमू दे.

वजन ६२.

१० जुलै, गुरुवार

वजन ६४.२. सोमवारी ६२ होतं. पायावर बोट दाबलं तर खड्डा राहतो. परत तिसरी उशी. मीठ नाही, पाणी तांब्याच्या बाहेर नाही, मग हे कुठून? डॉक्टरांना फोन. त्यांनी पहिलं विचारलं, पाण्याची गोळी चालू आहे ना? अप्पांना विचारलं. "हाव की." मग डोस वाढवा आणि सोमवारी घेऊन या, म्हणाले.

भीती वाटतेय. सगळं नियमानं करूनही वाढत असेल तर मग काय उरलं?

११ जुलै, शुक्रवार

आज सगळं क्रमानं लिहिते.

मधल्या सुट्टीत डबा घेऊन दुकानात गेले. अप्पा शेजारच्या रशीदचाचांच्या बांगड्यांच्या दुकानात बसले होते. मला तहान लागली म्हणून गल्ल्याखालच्या पोत्यातून एक पेला काढला. नवा कोरा स्टीलचा पेला, आणि त्यावर अप्पांचं सरळ, गोल अक्षर:

लिं. मन्मथअप्पा यांच्या स्मरणार्थ. दि.

दि.च्या पुढं कोरं.

लिं. म्हणजे लिंगैक्य. आमच्यात गेलेल्या माणसाच्या नावाआधीच ते लावतात. दुसरा पेला काढला. तेच. तिसरा. पोतं भरून तेच. एका पेल्यात खडखड झाली म्हणून उपडा केला तर त्यातून बारा गोळ्या. पाण्याच्या.

जमिनीवरच बसले. अप्पा आले, मागं रशीदचाचा. अप्पांनी पेले बघितले, मला बघितलं. ओशाळले. चोरून खाताना सापडलेल्या पोरासारखा चेहरा.

"कधीपासून माहीत आहे, अप्पा?"

"पैल्याच दिशी. फाईल माझ्याच मांडीवर होती की, माय."

"पण ती तर इंग्रजीत..."

"दुसरं इंग्रजी मला येत न्हाई. पर फेल वाचता येतंय. मॅट्रिकच्या मार्कांच्या कागदावर होतं, तवापासून पाठ हाय." मग पुढं म्हणाले, "आन् ह्याच्यात तर फेलच्या पुढं आणखी तीन अक्षरं होती. मी म्हणलं, आपण नुसते फेल न्हाई, लईच फेल झालेलो दिसतोय."

यू, आर, ई. मी रडत होते आणि रडता रडता हसले. अप्पाही हसले. मग त्यांना दम लागला आणि मी उठून त्यांना गल्ल्याजवळ बसवलं.

"गोळ्या का टाकून दिल्या?"

"आधी घेत होतो. मंग वाटलं, निकाल लागल्यावर अभ्यास कामून करायचा? बाकीच्या तू हातावर ठेवतीस, त्या तुझ्या समाधानासाठी घेतो." आणि हळूच, "तुमच्या अव्वाला सांगू नको. तिच्या भावाचं माहीत हाय ना तुला."

म्हणजे आम्ही त्यांच्यापासून लपवत होतो आणि ते आमच्यापासून. एक महिना! एका घरात, एका शब्दावर तीन मोठी माणसं बसून होती.

रशीदचाचा म्हणाले, "मैं तो रोज बोलतूं इनकू, बेटी. दिल थक गया है, थके सो आदमी कू आराम देव, दवा देव. फेल-बिल कुछ नई. सुनतेच नई." एवढा कोश चाळला मी, आणि बरोबर शब्द बांगड्यांच्या दुकानात होता.

गोळी तिथंच समोर घ्यायला लावली. त्याच पेल्यातून पाणी दिलं असतं, पण नाही दिलं.

१२ जुलै, शनिवार

आज सकाळी चहाला सगळ्यांसमोर शब्द काढला. मोठ्यानं. हार्ट फेल्युअर. हे कपाकडं बघत बसले. गौरी माझ्याकडं. अव्वांचा हात पदराशी गेला.

कॅलेंडरच्या मागच्या बाजूला हृदय काढलं. चार कप्पे, बाण. वर्गात काढते तसंच. इथून रक्त येतं, इथून जातं. मामांचं ठोके बिघडून एकाएकी थांबलं होतं. अप्पांचं थांबलेलं नाही. चालू आहे, पण दमानं. शब्द दोघांना एकच लावला लोकांनी, म्हणून हा घोळ.

अव्वांनी चित्र जवळ ओढून नीट बघितलं. मग अप्पांकडं बोट करून म्हणाल्या, "मंग तरीच. मी म्हणलं, फेल झालेला माणूस काल दोन भाकऱ्या कसा खाल्ला?"

"तुला कवा कळलं?" अप्पा.

"लातूरहून आलाव त्याच दिशी. पोराचं तोंड बघून. मी काय येडी हाय?"

चौथीपण निघाली! मला आता कुणावर रागवावं तेच कळेना. स्वतःवर रागावले, सगळ्यात शिकलेली मी होते म्हणून.

वजन ६३.४. उतरायला लागलंय.

१४ जुलै, सोमवार

लातूर. आज अप्पांना आम्ही आत नेलं आणि आम्ही मागं बसलो. अप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"डॉक्टरसाहेब, एक विचारू का? मी फेल हाय का पास?"

"फेल कोण म्हणालं?"

"तुमीच लिवलाव."

डॉक्टरांनी फाईल स्वतःकडं फिरवली, वाचली, आधी हसले आणि मग हसायचे थांबले. आमच्याकडं एकदा बघितलं. बरोबरच होतं त्यांचं. मग मूठ करून दाखवली, उघडली, मिटली. "हृदय असं दाबून रक्त ढकलतं. तुमचं पूर्ण दाबलं जात नाही. त्याला आम्ही फेल्युअर म्हणतो. नाव वाईट पडलंय, काय करणार! बंद पडलं असतं तर तुम्ही मला हे विचारायला आला नसता. कॉलेजात एक विषय राहिला तरी पुढच्या वर्गात बसू देतात ना, एटीकेटी? तसं समजा."

"किती पडले मला?"

"तीस."

अप्पा खुर्चीत पुढं सरकले. "मंग पाचच कमी हायेत की! पासिंग पस्तीसला ना?"

"इथं पासिंग पन्नासच्या पुढं."

"लई कडक बोर्ड हाय."

"पण शंभर कुणालाच नसतात. माझेही साठच्या आसपास असतील."

हे ऐकून अप्पांना मनापासून बरं वाटलं. डॉक्टरलासुद्धा साठच.

मग अप्पांनी टाकलेल्या गोळ्यांचं कबूल केलं आणि सरळ विचारलं, मार्क वाढतात का. डॉक्टरांनीही सरळ सांगितलं. गोळ्या नेमानं घेतल्या तर बऱ्याच जणांचे वाढतात, सगळ्यांचे नाही. काहींचे आहेत तेवढेच राहतात, पण तीही माणसं चालतात, फिरतात, दुकान चालवतात. गोळी सोडली की मात्र लगेच दिसतं, तुमचं दिसलं तसं. पाण्याची गोळी दुकानातून परत घरात, सहा वाजता घ्यायची म्हणजे निघेपर्यंत मोकळे. एवढ्या साध्या गोष्टीसाठी आधी विचारलं असतं तर!

"ऑक्टोबरमध्ये परत इको करू. तेव्हा कळेल."

"ऑक्टोबरला?" अप्पा म्हणाले. आणि टोपी परत डोक्यावर घातली.

नळेगावला चहाचा ग्लास हातात धरून अप्पा सांगायला लागले. मॅट्रिकला गणितात गेले होते. तेवढ्या एका विषयात. ऑक्टोबरचा फॉर्म भरला. उदगीरच्या किल्ल्यात बसून चार महिने गणितं केली. सगळी यायला लागली होती. आणि परीक्षेच्या आठवड्यात दिवाळीची गर्दी, दुकानात माणूस नाही. त्यांच्या वडिलांनी सांगितलं, फेल तर फेल, बस गल्ल्यावर. बसले. परीक्षेचं ओळखपत्र अजून ट्रंकेत आहे.

"पास निघालो असतो मी. मला माहीत हाय. पर बसलोच न्हाई, मंग कुणाला सांगणार?"

हे पन्नाशीला आले, पण आजपर्यंत घरात कुणी हे ऐकलेलं नव्हतं. ह्यांनी अप्पांच्या खांद्यावर हात ठेवला. आमच्याकडं बापाच्या खांद्यावर हात ठेवत नाहीत. ठेवला.

२८ जुलै, सोमवार

पहिला श्रावण सोमवार. अप्पा देवळाच्या पायऱ्या न थांबता चढले. नऊच आहेत, पण न थांबता. मी मागं उभी राहून मोजत होते.

वजन ६१. सूज नाही. एक उशी आणि एक चादरीची घडी. भिंतीवर गौरीनं वेळापत्रक चिकटवलंय: सहाला पाण्याची गोळी, साडेसहाला वजन, सातला चालणं. वर लाल स्केचपेननं 'ऑक्टोबर'. अप्पा रोज खूण करतात, आणि दिवस संपायच्या आधी करू लागले तर गौरी ओरडते.

पेल्यांचं भांडण आज मिटलं. अव्वांचं म्हणणं, मोडीत घाला, घरात अपशकुन नको. (परवा गौरी त्यातल्याच एका पेल्यातून ताक पीत होती. अव्वा केवढ्यांदा ओरडल्या! पेला अंगणात.) हे म्हणाले, पॉलिश करून अक्षर उडवू. अप्पांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कामून उडवायचं? एवढं चांगलं अक्षर आलंय. तारीख कुठं टाकलीय मी? ठेवा माळ्यावर. लागतील तवा लागतील." पोतं माळ्यावर गेलं. अव्वांनी वर दोन जुन्या सतरंज्या टाकल्या.

९ ऑगस्ट, शनिवार

राखीला नांदेड. दादाच्या मेडिकलवर तासभर बसले, वहिनीचा फोन आला तरी उठले नाही. अप्पांच्या गोळ्यांची चिठ्ठी दाखवली. दादानं मागच्या फळीवरून पाकिटं काढून ओळीनं मांडली. "ही बघ, ह्याच. देगलूरकडचे एक मास्तर आहेत, माझं दुकान झालं तेव्हापासून नेऊन राहिलेत. दर महिन्याला माझ्याशी भांडतात."

"कशावरून?"

"कशावरूनबी. लई दम हाय त्यांच्यात."

दादाच्या दुकानाला चौदा वर्षं झाली. मी हिशेब करून राखी बांधली. डोळे भरून आले तर दादा म्हणाला, "आता काय झालं तुला?" काही नाही झालं. काही झालं नाही, म्हणूनच.

७ सप्टेंबर, रविवार

कॉपी पकडली. वरणभाताच्या खाली आंब्याच्या लोणच्याची फोड दडवलेली. गौरीनं पकडली, ती आता घरातलं भरारी पथक झालीय. अप्पांनी कबूल केलं नाही. म्हणे ताटात आपोआप आली. लोणचं वाढलं कुणी याची चौकशी सुरू झाल्यावर अव्वा उठून परसात गेल्या.

म्हणजे केंद्रसंचालकच सामील! मग मात्र मी दोघांना समोर बसवून बोलले. जरा जास्तच बोलले. अव्वांच्या डोळ्यात पाणी. म्हणाल्या, "जेवताना त्यांचं तोंड बघवत न्हाई, पोरी." मला वाईट वाटलं. लिंबू, जिरं आणि शेंगाचं कूट घालून बिनमिठाची चटणी करून बघितली. अप्पा म्हणाले, "चालंल." त्यांच्या तोंडी हे म्हणजे पहिला वर्ग.

२५ सप्टेंबर, गुरुवार

चार दिवस पाऊस, अप्पांना खोकला. काल वजन एकदम किलोभर वर. पुन्हा तेच सगळं डोळ्यासमोर आलं. वर्गात शिकवताना दोनदा चुकले, मुलांनी सांगितलं. दुपारी फोन केला. डॉक्टरांनी पाच दिवस गोळी वाढवून दिली, म्हणाले घाबरू नका, तुम्ही वेळेत फोन केलात.

आज सकाळी अर्धा किलो कमी. अप्पा काट्यावरून उतरून म्हणाले, "घटक चाचणीत जरा कमी पडले, एवढंच."

आता भीती वाटली की ती कुठं ठेवायची ते माहीत आहे. फोन करायचा, वजन करायचं, वहीत लिहायचं. हा.फे. लिहायचं कधीच सोडलं मी. पूर्ण लिहिते.

१२ ऑक्टोबर, रविवार

उद्या लातूर.

वजन ६०.८. एक उशी. काल अप्पा रशीदचाचांबरोबर किल्ल्याच्या दरवाजापर्यंत जाऊन आले, येताना रशीदचाचांना दम लागला म्हणे, अप्पांना नाही. मला माहीत आहे, बरं वाटणं आणि इकोतला आकडा दर वेळी सोबत चालत नाहीत. वाढला नसेल तरी काही बिघडत नाही, असं मी सगळ्यांना सांगून राहिले. स्वतःला जास्त.

अप्पांनी पांढरा सदरा इस्त्रीला दिला. ट्रंक उघडून जुना कागद काढला, तो मार्कांचा, कडा पिवळ्या, घडीवर फाटलेला. मी पहिल्यांदाच बघितला. FAIL. खरंच चारच अक्षरं. आणि त्याच्या खाली ते ऑक्टोबरचं ओळखपत्र, न वापरलेलं.

"अप्पा, तीसच आले तर?"

त्यांनी कागद घडी करून ठेवला. "तर मार्चला बसू."

१३ ऑक्टोबर, सोमवार

लातूर, दवाखान्यात बाकड्यावर बसून लिहितेय.

निघताना अव्वांनी अप्पांच्या तळहातावर दही-साखर दिली. पन्नास वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच, असं म्हणाल्या. मला तर रोज शाळेत निघताना देत नाहीत! गौरीनं तिच्या कंपासमधला पेन अप्पांच्या खिशाला लावला. कशाला म्हणून विचारलं तर म्हणाली, "परीक्षेला लागतो." अप्पांनी काढला नाही.

हे बाहेर फेऱ्या मारतात. तीन वेळा पाणी पिऊन आले. अप्पा माझ्याशेजारी ताठ बसलेत, फाईल मांडीवर. उघडून बघत नाहीत. दोन नंबर राहिले. आता एक.

मगाशी म्हणाले, "माय, त्या तीन अक्षरांचा उच्चार काय?" सांगितला. फेल्युअर. दोन-तीनदा ओठातल्या ओठात म्हणून बघितला. "बोलायला तर सोपंच हाय," म्हणाले.

इको-रूमचं दार उघडलं. आतल्या बाईंनी कागद बघून मोठ्यानं नाव पुकारलं.

अप्पा उभे राहिले, सदरा नीट केला आणि म्हणाले, "हजर."